नेरिडाच्या खुर्चीला राखाडी रंग

खुर्चीला रंग द्यायचा, काम एवढंच होतं. एका माणसानं एक ब्रश घेऊन एका सकाळी उरकायचं. डेसमंड पॅस्कोची सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या नकाशे काढायच्या खात्यात गेली. अख्ख्या भट्टीचं धुराडं ज्यानं कागदावर उभं केलं, त्याला चार पायांची खुर्ची जड जायला नको होती. पुढं कारखाना बंद पडला, धुराडंही पाडलं. नकाशे मात्र डेसमंडच्या गॅरेजमध्ये अजून गुंडाळून ठेवलेले आहेत. कारखाना का बुडाला यावर आमच्या ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलात शंभर मतं असतील, पण नकाशे बरोबर होते असं डेसमंड अजूनही ऐकवतो, कुणी विचारलेलं नसताना.

खुर्ची नेरिडाची. नेरिडा म्हणजे डेसमंडची बायको. गेल्या ऑगस्टात ती वारली. खुर्ची घडीची, लाकडी, निळ्या रंगाची, बैठकीला आणि पाठीला जाड कॅनव्हास. उजव्या हाताच्या बाजूला त्याच कॅनव्हासचा एक लांबट खिसा शिवलेला आणि त्यावर कोटाचं असावं तसं भलं मोठं बटण. रोज सकाळी, उन्हाळा नाही की हिवाळा नाही, नेरिडा ही खुर्ची काखोटीला मारून समुद्राकाठच्या तलावावर पोहायला जायची. तलाव खडकातच बांधलेला आहे. भरतीला लाटा भिंतीवरून आत येतात आणि पोहणाऱ्याला दोन हात फुकट पुढं ढकलतात.

डेसमंड तिला गाडीनं न्यायचा आणि वर रस्त्यावर गाडी लावून आत बसून राहायचा. काचा वर, थर्मासातला चहा आणि पेपर. "खाली ये की," नेरिडा म्हणायची. "खाली वारा आहे, पेपर उडेल," डेसमंड म्हणायचा. लग्नानंतर पैशाअडक्यावरून त्यांचं जेवढं वाजलं नसेल तेवढं या वाऱ्यावरून वाजलं. गाडीतून त्याला तलावाचा अर्धा भाग दिसायचा. उरलेला अर्धा कपडे बदलायच्या खोल्यांच्या लांबलचक भिंतीआड. नेरिडा खुर्ची घेऊन त्या भिंतीआड जायची आणि ओल्या केसांनी परत यायची.

ती गेल्यावर खुर्ची स्वयंपाकघरात आली. डेसमंड आपल्या नेहमीच्या जागी बसायचा आणि टेबलापलीकडं ही उघडून ठेवलेली. तिच्यावर तो बसत नसे. तिची जागा ती तिची जागा. चहा पिताना तो खुर्चीसमोर बोलायचा. खुर्चीशी बोलणं वेगळं आणि खुर्चीसमोर बोलणं वेगळं, हा फरक त्यानं स्वतःशी नीट ठरवून घेतला होता. कोळशाची किती जहाजं बाहेर थांबलीत, पेपरात कोण गेल्याची बातमी आहे, शेजारणीनं दिलेला केक कसा कोरडा होता, एवढंच असायचं ते बोलणं. पण ते झाल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

एप्रिल संपता संपता ग्वेंडाचा फोन आला. ग्वेंडा ही हिवाळ्यात पोहणाऱ्या त्या वेड्या मंडळींची म्होरकी. मे महिन्यात आमच्याकडं हिवाळ्याचा हंगाम सुरू होतो त्या रविवारी ही माणसं तलावात बर्फाची लादी सोडतात, शिट्टी वाजवतात आणि पाणी पुरेसं गार झालं की त्यात उड्या मारतात.

"डेस, या वर्षी नेरिडाची खुर्ची तिच्या जागेवर ठेवायची म्हणतोय आम्ही. पहिल्या शिट्टीला. तू आणशील ना?"

"आणतो," डेसमंड म्हणाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खुर्चीकडं बघत राहिला, आणि मग त्याला दिसलं की निळ्या रंगाचे पोपडे सुटलेत. सगळ्या गावासमोर खुर्ची अशी न्यायची? लोक म्हणतील, बायको गेली आणि याला चार फळ्यांना रंग देता आला नाही. तिथून सगळं सुरू झालं.

कुठला रंग द्यायचा याचा सल्ला त्यानं कुणालाच विचारला नव्हता, म्हणून तो सगळ्यांनी दिला. उजवीकडं राहणारी कोरल शाळेतल्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. नवरा गेल्यापासून दुःख कसं करावं यावरची पुस्तकं वाचून तिनं त्या विषयात चांगलीच गती मिळवलेली.

"पिवळा दे, डेस. पिवळ्यानं मनाला उभारी येते. पाचव्या प्रकरणात आहे."

"खुर्चीच्या की माझ्या?" डेसमंडनं विचारलं.

डावीकडचा ब्लागोय मॅसेडोनियातून तरुणपणी आला आणि त्याच कारखान्यात त्यानं क्रेन चालवली. त्याच्या पुढच्या अंगणात गवताचं पातं नाही, नुसते टोमॅटो. तो कुंपणावर कोपर टेकवून म्हणाला, "आमच्या गावात खुर्चीला रंग नाही देत. बसतात तिच्यावर."

डेसमंडनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि गॅरेजमधला राखाडी रंग काढला. कारखान्यातून आणलेला डबा होता तो. पूल, जिने, टाक्या, कठडे, जे म्हणून हलत नसे त्याला कारखान्यात हाच राखाडी फासायचे. रंगवण्याआधी लाकूड धुवायचं असतं हे डेसमंडला माहीत होतं. त्यानं फडकं ओलं करून आणलंही. सांध्यांत पांढरं मीठ बसलेलं होतं, गेल्या हिवाळ्यातलं. त्यावर त्यानं एकदा बोट फिरवलं, मग फडकं परत नेऊन वाळत टाकलं आणि तसाच वरून रंग दिला.

आता प्रश्न वाळवायचा. मागच्या अंगणात दुपारपर्यंत ऊन येत नाही, गॅरेजात धूळ, आणि घरात ठेवली तर वासानं डोकं उठतं. सकाळचं चांगलं ऊन पडतं ते पुढं, कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडेच्या हिरवळीवर. डेसमंडनं खुर्ची तिथं उघडून ठेवली. वर पुठ्ठ्याची पाटी टांगली, नकाशावर घालायचा तशा ठसठशीत अक्षरात: "रंग ओला आहे. कृपया हात लावू नये." दोन पावलं मागं सरून बघितलं तर काम झकास दिसत होतं. ब्लागोयच्या घरासमोर एक गादी, दार नसलेला फ्रीज आणि जागच्या जागी चालवायची मोडकी सायकल पडली होती. गादी बाहेर म्हणजे नवराबायकोत काहीतरी बिनसलं, असा तर्क करून डेसमंडनं सभ्यपणे नजर वळवली. पुढच्या घरासमोरही कपाट होतं. त्यापुढं सोफा. एवढ्या घरांत एकदम बिनसणं जरा विचित्र आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

तो आठवडा मोठ्या कचऱ्याचा होता. आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की त्या आठवड्यात हिरवळीवर ठेवलं ते सोडलं. कचऱ्याची गाडी यायच्या आत ज्याला हवं त्यानं उचलावं. डेसमंडही हे जन्मभर जाणत आला होता. पण आठवडा कधी आहे हे लक्षात ठेवायचं खातं नेरिडाकडं. नगरपालिकेचं पत्रक आलं की ती ते चुंबकानं फ्रीजला लावायची. ती गेल्यापासून पेटीत येणारे सगळे कागद सरळ रद्दीत जात होते. बायको गेल्यावर माणसाला एकटेपणा कळतो असं सगळे सांगतात. कचरा कोणत्या आठवड्यात हेही कळेनासं होतं, ते कुणी सांगत नाही.

चहा पिऊन तो बाहेर आला तेव्हा हिरवळीवर फक्त चार राखाडी ठिपके होते. पाटीही नव्हती.

ब्लागोय ओट्यावर बसून मिरच्या भाजत होता. "नेली," तो म्हणाला. "पांढरी व्हॅन होती. बाई होती एक. चांगली टापटीप."

"आणि तू बघत बसलास?"

"मग काय करू? मी म्हटलं, डेसनं शेवटी मन घट्ट केलं. बरं वाटलं मला. मी तर हात केला तिला."

डेसमंड पाठ वळवून चालू लागला. तो आत गेला आणि त्यानं नगरपालिकेला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलत होती, त्यामुळं चिडायचीही सोय नव्हती.

"साहेब, हिरवळीवर ठेवलेली वस्तू सोडून दिलेली धरतात."

"मी सोडली नव्हती. वाळत ठेवली होती."

"मोठ्या कचऱ्याच्या आठवड्यात?"

"हिरवळीवर."

"या आठवड्यात ते दोन्ही एकच हो, साहेब. बरं, वर्णन सांगा, मी नोंद करून ठेवते."

"राखाडी खुर्ची. घडीची. माझ्या बायकोची."

"मग बाईंना विचारलंत का? त्यांनीच कुणाला देऊन टाकली असेल."

डेसमंडनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही," तो म्हणाला. "तिला नाही विचारलं." आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला.

रविवार तोंडावर आलेला. ब्लागोयला आपण हात केल्याची टोचणी लागली असावी, कारण त्यानं न बोलता आपली हौद्याची गाडी काढली आणि शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. मग दोघांनी गाव पालथं घातलं. चर्चची टेकडी झाली, कैद्यांनी खडक फोडून केलेल्या कुंडाकडची वाट झाली, दीपगृहाचा रस्ता झाला. घराघरासमोरचे ढीग बघत गाडी बैलगाडीच्या वेगानं चाललेली. पांढऱ्या व्हॅन दिसल्या त्या सगळ्यांचा पाठलाग झाला. एक नळवाल्याची निघाली, एक कुत्री न्हाऊ घालणाऱ्या बाईची. त्या बाईनं डेसमंडचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तुमचा कुत्रा कुठल्या जातीचा म्हणून विचारलं.

ब्लागोयचा मात्र स्वभाव आडवा आला. चांगली वस्तू फुकट पडलेली बघून पुढं जाणं त्याच्या रक्तात नाही. खुर्ची कुठंच मिळेना, पण हौद्यात एक दिव्याचा खांब आला, पाठोपाठ पक्ष्याचा पिंजरा, मग टेबलटेनिसचं अर्धं टेबल आणि ज्ञानकोशाचे खंड, त्यातले मधले गायब.

"हे कुठं ठेवणार आहेस?" डेसमंडनं विचारलं.

"तुझ्याकडं. तुझ्या घरात आता जागा आहे की." म्हणून गेला आणि ब्लागोयनं जीभ चावली. त्यानं गाडी बंदराच्या लांब धक्क्याच्या रस्त्याला घातली. समोर कोळशाची जहाजं आत यायची पाळी बघत रांगेनं उभी होती. डेसमंडनं ती सवयीनं मोजली आणि मग त्याला आठवलं की घरी ती सांगायला समोर खुर्ची नाही.

इकडं बातमी गल्लीभर झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढचं दार उघडलं तर ओट्यावर वेताची खुर्ची. दुपारी प्लॅस्टिकची दोन आली. संध्याकाळी कुणीतरी हॉस्पिटलात असते तसली, खाली भांडं बसवायची खुर्ची ठेवून गेलं, वर चिठ्ठी: "आईची. फार वापरलेली नाही." कोरल लॅमिंग्टन केकचा डबा आणि बागेतलं बाक घेऊन आली. एका खुर्चीपायी माणसाच्या ओट्यावर लग्नाचा मांडव असावा इतक्या खुर्च्या झाल्या आणि त्यात एकही बसण्याजोगी नव्हती. लोकांचा कळवळा खरा होता, म्हणून काही परतही करता येईना. डेसमंडनं सगळ्यांचे आभार मानले. रात्री त्यानं स्वयंपाकघरात वेताची खुर्ची ठेवून बघितली आणि तिच्यासमोर एक शब्द फुटेना म्हणून पुन्हा बाहेर ठेवली.

शुक्रवारी कोरल पेपर फडकवत आली. "डेस, तुझी खुर्ची छापून आलीय. लढाईत मेल्यासारखी हार घालून उभी केलीय."

हार नव्हता, दोर होता. गोदीजवळच्या जुन्या मालगोदामात हौशी लोकांनी चालवलेलं एक संग्रहालय आहे. पूर्वी गावात झालेल्या भूकंपात त्याच्या भिंतीला गेलेली भेग त्यांनी बुजवली नाही, तिच्याखालीच माहितीची पाटी लावली. सध्या तिथं "तलाव आणि तलावावरची माणसं" असं प्रदर्शन मांडलं होतं. डेसमंड पोचला तेव्हा जुने पोहण्याचे पोशाख, शिट्ट्या आणि फोटो यांच्या मधोमध चौथऱ्यावर नेरिडाची खुर्ची होती. भोवती लाल दोर. खाली पाटी:

"अज्ञात पोहणाऱ्याची खुर्ची, सांध्यांतल्या समुद्राच्या मिठावरून ओळखलेली. बाजूचा खिसा बहुधा मासे धरायचं आमिष ठेवण्यासाठी. वरचा राखाडी रंग अलीकडचा व अडाणी हाताचा असून तो काढण्याचे काम सुरू आहे. कृपया हात लावू नये."

एका पायावरचा राखाडी खरवडून झाला होता. खालचा निळा दिसत होता. डेसमंडनं त्या निळ्याकडं हात पुढं केला, पण तेवढ्यात त्यानं "अडाणी हाताचा" हे शब्द दुसऱ्यांदा वाचले आणि दुःख जरा बाजूला झालं.

संग्रहालयाच्या चिटणीस फिलिपा डन्स्टन टेबलाशी बसल्या होत्या. पूर्वी त्या मुख्याध्यापिका होत्या हे त्यांनी न सांगताही कळत होतं.

"ही माझ्या बायकोची खुर्ची आहे," डेसमंड म्हणाला. "आणि रंगाबद्दल ही भाषा बरी नाही."

"खुर्ची हिरवळीवर होती. दर वर्षी या आठवड्यात मी व्हॅन घेऊन फिरते. लोक इतिहास रस्त्यावर टाकतात, मी उचलते."

"वर पाटी होती. रंग ओला आहे म्हणून."

"होती ना. मी म्हटलं, टाकणारा माणूस सभ्य दिसतोय, नेणाऱ्याच्या कपड्यांचीही काळजी केली." त्यांनी चष्मा वर केला. "खुर्ची तुमचीच, याला आधार काय?"

आधार एकच होता. डेसमंड घरी गेला आणि राखाडी रंगाचा डबा, वाळून खडक झालेल्या ब्रशासकट, घेऊन आला. फिलिपाबाईंनी झाकणावरचा वाळलेला ओघळ खुर्चीच्या हाताला लावून बघितला. रंग तोच.

"म्हणजे अडाणी हात तुमचाच."

"माझाच," डेसमंड म्हणाला. स्वतःला अडाणी ठरवून घेतल्याशिवाय स्वतःची वस्तू मिळत नाही, अशी वेळ नकाशे काढणाऱ्या माणसावर याआधी आली नसेल.

"मीठही धुतलं नाहीत. सांध्यांत तसंच आहे, वरून रंग. असं का करतं कुणी?"

डेसमंडनं डबा जवळ ओढला. तो डब्याचं झाकण दाबून बसवत राहिला, ते आधीच बसलेलं असताना. "ते तिच्या वेळचं होतं," तो शेवटी म्हणाला. फिलिपाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, टेबलावरचा कागद सरळ केला, आणि मग त्यांचा आवाज एक पायरी खाली आला.

तरी नियम तो नियम. वस्तू एकदा संग्रहात दाखल झाली की समितीच्या ठरावाशिवाय बाहेर पडत नाही, आणि समिती जूनच्या शेवटी बसणार. डेसमंडनं रविवारचं सांगितलं. फिलिपाबाई नियमावली चाळत बसल्या आणि त्यांना वाट सापडली: एका संस्थेनं मागितली तर दुसरी संस्था वस्तू एका दिवसापुरती उसनी देऊ शकते. हिवाळी पोहणाऱ्यांचं मंडळ ही संस्थाच. फक्त अटी आहेत. खुर्ची हाताळायची ती संग्रहालयाच्या माणसांनी, हातमोजे घालून. भोवती दोर हवा. पाण्यापासून लांब. आणि तिच्यावर कुणीही बसायचं नाही.

"बसायचं कुणाला आहे?" डेसमंड म्हणाला. "तिची जागा आहे ती."

रविवारी सकाळी डेसमंडनं गाडी नेहमीच्या जागी लावली. काच वर, थर्मास शेजारी, पेपर मांडीवर, सगळं सवयीनं झालं. मग आज खाली जायचं आहे हे आठवून तो पेपर काखेत धरून उतरला. भिंतीपलीकडं तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जात होता. वारा होताच. त्याबद्दल तो कधी चुकीचं बोलला नव्हता.

भिंतीआड अर्धं गाव जमलेलं. म्हातारेकोतारे झग्यांत आणि रबरी टोप्यांत कुडकुडत उभे, बर्फाची लादी ढकलगाडीवर, कोपऱ्यात सॉसेज भाजायची सोय. ब्लागोय भाजलेल्या मिरच्या वाटत होता, कोरल त्या तिखट आहेत म्हणून सगळ्यांना सावध करत होती. तेवढ्यात पायऱ्यांवरून संग्रहालयाची वरात आली. पुढं फिलिपाबाई दोराचे पितळी खांब घेऊन, मागं पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं, दोघांच्या मधे खुर्ची, एक पाय निळा आणि बाकी राखाडी. पोहणाऱ्यांनी टोप्या काढल्या. खुर्ची उघडली गेली, लोकांना नीट दिसावी म्हणून समुद्राकडं तोंड करून ठेवली, दोर लागला, पाटीही लागली.

ग्वेंडा पुढं आली. अंगानं दांडगी बाई, डोळे पाणावलेले. तिनं पाटी वाचली. "आमिष?" ती म्हणाली. "ह्या खिशात आमिष? कुणी लिहिलंय हे?"

"अंदाज आहे तो," फिलिपाबाई म्हणाल्या. "चुकीचा असेल तर सांगा. दुरुस्त करू."

"चुकीचा म्हणजे काय. डेस, तू नाही सांगितलंस ह्यांना?"

"मला वाटायचं तिच्या टोपीसाठी असेल," डेसमंड म्हणाला.

ग्वेंडा त्याच्याकडं बघत राहिली. "तुला माहीतच नाही होय," ती हळू म्हणाली. "अरे, नेरिडा या खुर्चीवर कधी बसलीच नाही."

"रोज आणायची ती."

"रोज आणायची. रोज उघडायची, वाऱ्याकडं पाठ करून ठेवायची, आणि मग त्या तिथं काँक्रीटवर बसून अंग पुसायची. आमच्यापैकी कुणी टॉवेल टाकला की लगेच उचलायची. म्हणायची, डेसमंडची आहे ती, आज खाली येईल तो. आम्ही चेष्टा करायचो तिची, कारण आम्हाला माहीत होतं तू यायचा नाहीस. पण तिला नव्हतं."

डेसमंडनं त्या काँक्रीटकडं बघितलं.

"आणि हा खिसा तुझ्या पेपरासाठी आहे. घडी घातलेला पेपर बरोब्बर बसतो आणि बटण लावलं की उडत नाही. माझ्यासमोर बसून शिवलाय तिनं. मी म्हटलं, हे सांग की त्याला. तर म्हणाली, सांगून आणला तर काय मजा. येऊ दे खाली, मग दाखवते."

त्यानं काखेतला पेपर हातात घेतला. एवढे दिवस स्वयंपाकघरात तो कुणाच्या जागेला मान देऊन टेबलाअलीकडं चहा पीत होता? जागा त्याची होती. तिनं ती इतकी वर्षं रोज सकाळी धरून ठेवली होती, आणि तो वर गाडीत काचा लावून बसला होता. त्याला भडभडून आलं आणि त्यानं ते सगळ्यांसमोर येऊ दिलं. ब्लागोय मिरच्यांचं ताट घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"आमच्या गावात—" ब्लागोयनं सुरुवात केली.

"बसतात. माहीत आहे," डेसमंड म्हणाला.

त्यानं दोराकडं बघितलं, मग फिलिपाबाईंकडं. फिलिपाबाईंनी दोराचा आकडा काढला, दोर नीट गुंडाळून हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी जरा पलीकडं जाऊन जहाजं बघते. मला काही दिसायचं नाही."

डेसमंड बसला. कॅनव्हास किंचित करकरला आणि त्यानं त्याचं वजन घेतलं. पेपराची घडी त्यानं खिशात सरकवली. ती तसूभरही इकडं तिकडं न होता बसली. नकाशे काढणाऱ्या माणसाला एवढं नेमकं माप बघून जे वाटायचं ते वाटलं. शिट्टी झाली, बर्फाची लादी पाण्यात गेली, पाठोपाठ सगळी म्हातारी मंडळी ओरडत तलावात पडली. भिंतीवरून एक लाट आत आली आणि तिनं सगळ्यांना पुढं ढकललं.

खाली बसलेला माणूस शेवटी काय करणार? डेसमंडनं बटण काढलं आणि पेपर उघडला. पण संग्रहालयाच्या मंडळींनी खुर्चीचं तोंड समुद्राकडं केलं होतं, आणि ती वळवून वाऱ्याकडं पाठ करून ठेवणारी नेरिडा आता नव्हती. झोत आला, मधली दोन पानं सुटली, तलावावरून उडत गेली आणि एक पान जाऊन ग्वेंडाच्या टोपीला चिकटलं.

"सांगितलं होतं मी," डेसमंड मोठ्यानं म्हणाला. "उडतो म्हणून."

नेरिडाकडून उत्तर यायला नेहमी जेवढा वेळ लागायचा तेवढा तो थांबला. मग उरलेल्या पेपराची त्यानं घडी घातली, ती खिशात ठेवली आणि बटण लावलं.